सोफा नंतर बघा, आधी ह्युमिडॉर

वाचकाचं पत्र: "नोकरीसाठी चार महिन्यांपूर्वी या मोठ्या शहरात आलो. वय ४१. आठवड्यातून एक सिगार, तोही शनिवारी संध्याकाळी, एवढंच माझं व्यसन. आधीच्या घराला गच्ची होती. इथली बाल्कनी शेजाऱ्यांच्या खिडकीला लागून आहे आणि बायकोला दम्याचा त्रास आहे, म्हणून बाहेर बसायला जागा शोधतोय. दोन ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या दुकानात काही न विचारता सगळ्यात महागडा, अंगठ्याएवढा जाड सिगार हातात ठेवला. अर्ध्यावरच डोकं गरगरायला लागलं. दुसऱ्या ठिकाणी सहा-सात जण बसले होते. मी आत गेल्यावर सगळे गप्प झाले आणि निघेपर्यंत कोणी चकार शब्द बोललं नाही. वर तिथला माणूस वर्षाची मेंबरशिप आणि लॉकर घ्या म्हणून मागे लागलाय. चांगली जागा ओळखायची कशी? मेंबरशिप घ्यावी का? आणि घरी सहा सिगार पडून पडून कडक झालेत, त्यांचं काय करू?"

उत्तर:

पहिल्या दुकानाचा निकाल सोपा आहे, तिथे परत जाऊ नका. डोकं गरगरलं ते निकोटिनमुळे. सिगारचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत ओढला नाही तरी निकोटिन तोंडातल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. जाड सिगार, रिकामं पोट आणि नवख्या जागी अवघडल्यामुळे पटापट घेतलेले झुरके, असे तिन्ही योग जुळले की घाम फुटतो, मळमळतं. अशा वेळी सिगार खाली ठेवायचा, मोकळ्या हवेत यायचं आणि काहीतरी गोड प्यायचं. पण हे टाळणं काउंटरवरच्या माणसाचं काम होतं. किती वेळ आहे, जेवण झालंय का, आधी काय ओढलं आणि त्यातलं काय आवडलं, एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं. ज्याला ते विचारावंसं वाटत नाही, त्याला गिऱ्हाईक नको असतं, फक्त बिल हवं असतं.

दुसऱ्या जागेवर मात्र एका भेटीत फुली मारू नका. तिच्याकडे पुढे येऊ.

शोध घेताना बहुतेक जण नकाशावर "सिगार लाउंज" टाकतात आणि फोटोतले चामड्याचे सोफे बघून निघतात. त्यातल्या कितीतरी जागा हुक्क्याच्या निघतात, कितीतरी नुसते बार असतात, जिथे काचेच्या पेटीत दहा-बारा सिगार शोभेला मांडलेले असतात. फोटो बघायचेच तर मालकाने टाकलेले सोडा आणि गिऱ्हाइकांनी टाकलेले, गेल्या काही महिन्यांतले बघा. त्यात सोफा नाही, मागची भिंत शोधायची. देवदारासारख्या लाकडाचे रॅक, झाकणं उघडी ठेवलेले खोके, माणूस आत शिरू शकेल अशी खोली दिसते का? मोठे ब्रँड आपल्या वेबसाइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी देतात. क्यूबाच्या सिगारसाठी "ला कासा देल अबानो" नावाची अधिकृत दुकानांची साखळीही आहे. अशा यादीत नाव असलं म्हणजे माल खरा असण्याची खात्री बऱ्यापैकी मिळते. तिथली माणसं कशी आहेत हे यादी सांगत नाही.

जाण्याआधी फोन करा. सिगार सुटे मिळतात का? विकत घेतलेला तिथेच बसून ओढता येतो का, की त्यासाठी मेंबर असावं लागतं? शनिवारी संध्याकाळी बसायला जागा असते का, आणि बंद किती वाजता करता? घराबाहेर धूम्रपानाचे नियम शहरागणिक वेगळे असतात. कुठे आत बसता येतं, कुठे फक्त मागच्या अंगणात, कुठे अजिबात नाही, म्हणून फोटोतल्या खुर्च्यांवर जाऊ नका. फोनवरचं उत्तरही बरंच सांगून जातं. "या ना, शनिवारी सहाच्या आत आलात तर जागा मिळेल" म्हणणारा वेगळा आणि "मेंबर आहात का?" एवढंच विचारणारा वेगळा.

पहिली भेट शनिवारी ठेवू नका. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी जा, दुकान रिकामं असतं आणि काउंटरवरच्या माणसाला बोलायला फुरसत असते. आत गेल्यावर सरळ ह्युमिडॉरकडे, म्हणजे सिगार ठरावीक ओलाव्यात सांभाळून ठेवतात त्या खोलीकडे वळा. आमचं मत ठाम आहे: जो पानाला नीट सांभाळतो तो बहुधा माणसालाही सांभाळतो. उलट उदाहरणं असतीलही, पण वाळका माल विकून चार गोड शब्द बोलणाऱ्याच्या गोडव्याचा तुम्हाला उपयोग काय?

ह्युमिडॉरच्या दारातून आत पाऊल टाकलं की हवा जरा जड, ओलसर आणि गार लागली पाहिजे, आणि नाकाला लाकूड व सुकलेल्या पानांचा मिळून एक गोडसर वास यायला हवा. आंबूस किंवा तळघरासारखा वास आला तर तिथेच सावध व्हा. भिंतीवर आर्द्रतामापक आणि तापमापक दिसायला हवेत, आणि तेही एकापेक्षा जास्त ठिकाणी, कारण दाराजवळचा आकडा आणि कोपऱ्यातला आकडा एक नसतो. आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंश सेल्सियस, या पट्ट्यात सगळं असलं की ठीक. ७२-७३ टक्क्यांवर गेलं की सिगार नीट जळत नाही, सारखा विझतो आणि ओढताना दम लागतो. ६० च्या खाली पान ठिसूळ होतं, भरभर पेटत जातं आणि धूर तोंडात गरम, तिखट लागतो. उष्णतेचं गणित वेगळं आहे. तंबाखूत एक बारीक तपकिरी भुंगा अंडी घालतो. तापमान २४-२५ च्या वर राहिलं की ती अंडी फुटतात आणि अळ्या पान पोखरत सुटतात.

त्यामुळे वरवर रॅककडे बघून भागत नाही, एखादा सिगार हातात घेऊन बघावा लागतो. आधी विचारा, "घेऊन बघू का?" मग दोन बोटांत मधोमध हलकेच दाबा. किंचित दबून परत वर आला पाहिजे. कुरकुरला तर कोरडा, बोटाचा खळगा तसाच राहिला तर जास्त ओला. पायाकडच्या, म्हणजे पेटवायच्या टोकाला कधी दाबायचं नाही, तिथलं पान उकलतं. आणि नाकाला टेकवून वास घ्यायचा नाही, तो सिगार उद्या दुसऱ्या कोणाच्या ओठात जाणार आहे. बाहेरच्या पानावर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक आणि खाली भुशासारखी पूड दिसली तर तो भुंगाच. एका खोक्यात असं दिसलं की शेजारच्या खोक्यांवरही विश्वास नको. निळसर-हिरवे केसाळ ठिपके म्हणजे बुरशी. "ही तर मुरल्याची खूण" असं सांगून बुरशी खपवणारे दुकानदार असतात. ऐकून घ्या आणि बाहेर पडा. सेलोफेनचं वेष्टण पिवळट पडलेलं असेल तर मात्र घाबरू नका, पान बरेच दिवस मुरलं की त्याच्या तेलाने तो रंग चढतो.

किंमत प्रत्येक खोक्यावर लिहिलेली आहे का, हेही बघून ठेवा. जिथे भाव माणूस बघून ठरतो तिथे नवख्याचा बळी जाणार हे उघड आहे.

आता काउंटर. मोघम "काहीतरी चांगलं द्या" म्हणालात तर चांगल्या दुकानातही महाग वस्तूच पुढे येईल, त्यात त्याचा फारसा दोष नाही. नेमकं सांगा: "माझ्याकडे पाऊण तास आहे, हलका ते मध्यम हवा, एवढ्या पैशांत, एकच." याला लागणारी थोडी भाषा अशी. सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात आणि एक गेज म्हणजे इंचाचा ६४ वा भाग. पुढची नावं मापांची आहेत. रोबुस्तो साधारण ५ इंच लांब आणि ५० गेजचा, म्हणजे जवळपास २० मिलिमीटर जाड असतो. तो पाऊण ते एक तास चालतो. पेटिट कोरोना लांबीला जवळपास तेवढाच, पण ४२ गेजचा, अर्ध्या-पाऊण तासाचा. चर्चिल ७ इंच लांब आणि ४७ गेज, त्याला दीड तास हाताशी हवा. आठवड्याला एक ओढणाऱ्याने नव्या जागी पेटिट कोरोना किंवा रोबुस्तोपासून सुरुवात करावी. रंगावरून ताकद ठरवू नका. गडद, जवळजवळ काळं दिसणारं मादुरो पान जास्त काळ आंबवलेलं असतं आणि चवीला पुष्कळदा गोडसर लागतं. दणका किती हे मुख्यतः आतल्या भरणातली पानं ठरवतात. झाडाच्या शेंड्याकडचं "लिगेरो" पान सगळ्यात जड, ते किती घातलंय यावर सगळं अवलंबून. म्हणून "हा काळा आहे म्हणजे कडक" असं काउंटरवरून ऐकू आलं तर तिथल्या ज्ञानाची खोली कळते.

एक हुकमी प्रश्न आहे: "तुम्ही स्वतः रोजचा म्हणून कुठला ओढता?" ज्याला मालाची जाण आहे तो जवळपास नेहमीच मधल्या किंवा खालच्या किमतीचं नाव घेतो आणि सोबत कारण देतो. पुन्हा महागड्या खोक्याकडेच बोट गेलं तर तो ऐकीव बोलतोय. आणि तुम्ही दुकानातला सगळ्यात स्वस्त सुटा सिगार घेतलात, तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला ते टिपून ठेवा. जागा आपल्याला मानवेल की नाही हे आम्ही या एका विक्रीवरून ओळखतो. एका स्वस्त सिगारसाठीही जो कटर पुढे करतो, राखदाणी पुसून देतो आणि "कसा वाटला ते जाताना सांगा" म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायला हरकत नाही.

कापताना आणि पेटवताना त्याचे हात बघा. डोक्याकडच्या टोकाला पानाचीच छोटी टोपी चिकटवलेली असते. कापायची ती टोपी, आणि तीही २ मिलिमीटरच्या आसपास. गोलाई संपून सरळ अंग सुरू होतं त्या रेषेच्या वर पातं पडलं पाहिजे. त्याखाली गेलं की बाहेरचं पान सुटत जातं आणि अर्ध्या तासात सिगार हातात उलगडतो. सराईत माणूस कटर एका झटक्यात मिटतो. हळूहळू दाबत नेलं की टोक चेचतं. मग तो ज्योत पायाच्या जरा खाली धरतो, टेकवत नाही, आणि सिगार फिरवत कड सगळीकडून सारखी काळवंडू देतो. त्यानंतर एक-दोन हलके झुरके, आणि पायावर फुंकर मारून निखारा सगळीकडे सारखा लाल झालाय का ते बघणं. या सगळ्याला मिनिटभर लागतं. लायटर ब्युटेन गॅसचा हवा, पेट्रोलवर चालणाऱ्या वातीच्या लायटरचा वास पानात उतरतो. काडी वापरली तर तिच्या टोकावरचा गंधक जळून जाऊ द्यायचा, मग ज्योत जवळ न्यायची. घाईत एका बाजूनेच पेटवलं की ती बाजू पुढे धावते आणि दुसरी मागे राहते. मग बसल्या बसल्या तीच दुरुस्ती करत राहावं लागतं.

कधी कधी सगळं बरोबर करूनही धूर ओढला जात नाही. झुरका घेताना गाल आत जातात आणि धूर मात्र नावाला. आत पानाची गाठ पडलेली असते किंवा भरण पिळलेलं असतं, आणि हाताने वळलेल्या मालात हे होणारच. पेटवण्याआधी कापलेल्या टोकाकडून कोरडा झुरका घेऊन बघितलात तर तिथेच कळतं. तेव्हा शांतपणे काउंटरवर जाऊन सांगा. चांगल्या दुकानात आधी लांब सुईसारख्या अवजाराने वाट मोकळी करून बघतात आणि नाही जमलं तर दुसरा देतात. "तुम्ही नीट कापला नाही" हे पहिलंच वाक्य आलं तर तुम्हाला उत्तर मिळालं. अर्थात दोन तृतीयांश ओढून झाल्यावर तक्रार नेऊ नका.

हवा हा मुद्दा तुमच्या घरामुळे जास्त महत्त्वाचा आहे. धुराच्या खोलीत बसायचं म्हणजे दुसऱ्यांचाही धूर तुमच्या वाट्याला येणार. कितीही महाग यंत्रणा असली तरी तो पूर्ण जात नाही. हवा शुद्ध करणारी यंत्रं धुरातले कण पकडतात, वायू बऱ्यापैकी तसेच राहतात, म्हणून हवा बाहेर फेकणारे पंखे आणि बाहेरून येणारी ताजी हवा लागते. तपासायला उपकरण नको. रिकाम्या वेळी आत शिरल्यावर जुन्या राखेचा, ओल्या राखदाणीचा वास आला तर रात्रीची हवा बदलतच नाही. छताच्या कडा पिवळसर-तपकिरी झाल्यात का ते बघा. माणसं बसलेली असताना धूर वर जाऊन झडपेकडे ओढला जातोय, की डोळ्यांच्या उंचीवर चादरीसारखा तरंगतोय? लाउंज आणि दुकान यांच्यामधलं दार जरासं उघडून फटीत पातळ कागद धरा. कागद लाउंजच्या आत ओढला गेला तर यंत्रणा बरोबर आहे, कारण धूर तिकडेच राहतो. बाहेर उडाला तर सगळा धूर दुकानात आणि तिथून शेजाऱ्यांकडे जातो. अशा जागेवर आज ना उद्या तक्रार येते. दहा मिनिटांत डोळे चुरचुरले तर तिथे तासभर बसण्यात शहाणपण नाही, लोक कितीही चांगले असोत.

आता तुमच्या त्या गप्प बसलेल्या मंडळींकडे. लाउंजमध्ये पुष्कळजण बोलायला येतच नाहीत. दिवसभर बोलून झालेलं असतं, तासभर गप्प बसता यावं म्हणूनच ते पैसे मोजतात. नवा माणूस आला की गप्पा थांबतात हेही कुठल्याही कट्ट्यावर होतं, त्यात राग नसतो. तेव्हा त्याच जागी त्याच वारी, त्याच वेळेला आणखी दोनदा जा. पहिल्यांदा त्यांनी तुम्हाला बघितलं. दुसऱ्यांदा एखादी मान हलते, तिसऱ्यांदा कोणीतरी राखदाणी तुमच्याकडे सरकवतं. तिसऱ्या भेटीतही काउंटरवरच्याला तुमचा चेहरा आठवला नाही, किंवा रिकाम्या खुर्चीकडे वळलात की "ती अमक्याची आहे" असं दोनदा ऐकावं लागलं, तर मात्र ती त्यांची खासगी बैठक आहे आणि बोर्ड उगाच लावलाय.

बसताना घोळक्याच्या मधली खुर्ची नको आणि भिंतीकडचा कोपराही नको. काउंटरच्या जवळची, दोन्हीकडचं ऐकू येईल अशी जागा निवडा. बोलायला सुरुवात करायची तर शेजाऱ्याच्या हातातला सिगार हाच विषय पुरतो, "कुठला आहे हा?" एवढं विचारा. उत्तर एका शब्दात आलं तर आपल्या राखेकडे बघा. चार वाक्यांत आलं तर बोलणं सुरू झालं. इतकंच की त्याच्या सिगारवर मत देऊ नका. ज्याला फळांच्या वासाचा, मशीनवर वळलेला आवडतो त्याला तोच आवडतो. दुकानात कोण कोणाला हसतं यावरूनही जागा कळते. एखादी बाई एकटी आत आली तर तिला काय हवं ते तिलाच विचारतात, की "कोणासाठी घेताय?" असा प्रश्न येतो, ते ऐका. जिथे तिला सरळ वागवतात तिथे तुम्हीही अवघडणार नाही.

रीतिरिवाज फार नाहीत, पण चुकले तर लोक लक्षात ठेवतात. दुकानाच्या कटरखाली धरण्याआधी सिगार तोंडात घालून ओला करू नका, तेच पातं पुढच्याचं टोक कापणार असतं. सिगारेट बहुतेक लाउंजमध्ये चालत नाही. राख दर मिनिटाला झटकायची नसते, दोन-अडीच सेंटिमीटर झाली की राखदाणीच्या कडेला टेकवून अलगद पाडायची. झुरकाही मिनिटाला एखादाच, त्याहून भराभर घेतला की निखारा तापतो आणि चव कडवट होते. संपल्यावर चुरडून विझवू नका, चिरडलेल्या तंबाखूचा वास खोलीभर घुमतो. तसाच ठेवा, आपोआप विझतो. फोनवर स्पीकर लावून बोलणारा माणूस कोणत्याच लाउंजला नको असतो. आणि बंद व्हायला अर्धा तास असताना चर्चिल पेटवणाऱ्याला काउंटरवरचा तोंडावर काही बोलत नाही एवढंच.

स्वतःचा सिगार घेऊन जायचा असेल तर आधी विचारा. काही ठिकाणी चालतच नाही, काही ठिकाणी "कटिंग फी" म्हणून ठरावीक रक्कम घेतात, तर काही ठिकाणी अलिखित नियम असतो की एक आणलात तर एक इथूनही घ्या. हे पैसे नाहक वाटू देऊ नका. खुर्ची, पंखे आणि दिवे सिगारच्या विक्रीवर चालतात. बाहेरून आणलेला सिगार ओढत तीन तास बसणाऱ्या माणसाला कोणतंही दुकान प्रेमाने वागवणार नाही. पेयांचंही तसंच, कुठे मद्याचा परवाना असतो, कुठे आपली बाटली चालते, कुठे नुसता चहा-कॉफी. विचारून घ्या.

लाउंजमध्ये ओळख झाली की कोणीतरी कानाशी लागून क्यूबाचा खोका निम्म्या किमतीत देऊ करतो, नातेवाईक कारखान्यात आहे म्हणतो. घेऊ नका. वर काचेचं झाकण असलेला क्यूबाचा खोका दिसला तर तो नकलीच समजा, तसे खोके तिथे बनतच नाहीत.

मेंबरशिपचं विचारलंत. चार भेटी होण्याआधी नाही, आणि तुमच्या बाबतीत त्यानंतरही बहुधा नाही. हिशेब करा: वर्षाचे शनिवार ५२, त्यातले सणवार, आजारपण, प्रवास वजा जाता हाती ३५-४० उरतात. वर्षाची फी त्याने भागा आणि येणारा आकडा एका बैठकीच्या फीशी ताडून बघा. लॉकर घ्यायचाच झाला तर त्याला ह्युमिडॉरची हवा मिळते की तो नुसता कुलूप लावलेला कप्पा आहे, आत आर्द्रता किती राहते, वीज गेली किंवा यंत्र बिघडलं तर माल कोण भरून देणार, दर महिन्याला ठरावीक खरेदीची सक्ती आहे का, दुकान बंद पडलं तर पैसे आणि सिगार परत कसे मिळणार, हे सगळं लेखी घ्या. "पुढच्या महिन्यात भाव वाढणार आहेत" हे वाक्य मेंबरशिप विकताना सगळीकडे बोललं जातं, त्याने घाईत येऊ नका.

लॉकरला आमचा विरोध आणखी एका कारणाने आहे. आज तुम्ही आठवड्याला एकावर आहात. लॉकरमध्ये वीस सिगार पडले, खुर्ची ओळखीची झाली आणि चार मित्र जमले की बुधवारही शनिवार होतो. धूर छातीत न ओढताही सिगारमुळे तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग होतो, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. सुटा विकत घ्यायचा, तिथेच ओढायचा आणि हात हलवत घरी जायचं, ही व्यवस्था तुमच्या आकड्याला एकावर धरून ठेवते. ज्या जागी तुम्हाला नुसती कॉफी घेऊनही बसू देतात, सिगार न पेटवताही, ती जागा सापडली तर सोडू नका.

घरचं म्हणाल तर दम्याच्या माणसाला कपड्यांना आणि केसांना चिकटून आलेला धूरही त्रास देतो. लाउंजसाठी एकच शर्ट आणि जाकीट वेगळं ठेवा, दाराशीच काढून बंद पिशवीत घाला, ते सोफ्यावर टाकू नका. आंघोळ करून मग आत जा.

राहिले ते सहा सिगार. ओला स्पंज, सफरचंदाची फोड, ओला रुमाल असले उपाय कोणी सुचवले तर करू नका, बुरशी धरते. फ्रीजमध्येही ठेवू नका, तिथली हवा कोरडी असते आणि वास लागतात. घट्ट झाकणाचा खाद्यपदार्थांसाठीचा डबा घ्या, धुऊन, दोन दिवस उघडा वाळवून, वास पूर्ण गेलेला. त्यात सिगार एकमेकांना न चेपता ठेवा आणि ६२ टक्क्यांची आर्द्रता राखणारी पुडी टाका. ही पुडी ओलावा देतेही आणि जास्त झाला तर शोषूनही घेते. ६० ग्रॅमची पुडी पंचवीसेक सिगारना पुरते, सहांना लहानही चालेल. ती सिगारना थेट टेकू देऊ नका. तीन आठवड्यांनी ६५ टक्क्यांची पुडी घाला आणि आणखी तीन-चार आठवडे थांबा. आठवड्यातून एकदा झाकण उघडून सिगार अर्धा वळसा फिरवा. घाई केली तर बाहेरचं पान आणि आतलं भरण वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि पान उभं तडकतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवणार असाल तर आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ते लापशीसारखं ओलं करा आणि मापकासोबत बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवेत. ७१ दाखवले तर पुढे प्रत्येक आकड्यात ४ मिळवून वाचायचं.

उडून गेलेली तेलं मात्र परत येत नाहीत, त्यामुळे पूर्वीची चव मिळेलच असं नाही. सात आठवड्यांनी एक ओढून बघा. धूर पातळ आणि चव पुठ्ठ्यासारखी लागली तर उरलेले पाच फेकून द्या.